वायफाय ड्रायव्हरमधल्या पॅकेटच्या रांगा आणि टाइमस्टॅम्प: कुठल्या क्रमाने करायचं आणि लोक कुठे चुकतात

ड्रायव्हर लोड होतो, पिंग जातो, आयपर्फ (वेग मोजायचं टूल) बरा आकडा दाखवतो आणि आपल्याला वाटतं झालं काम. मग अर्ध्या तासाने ट्रॅफिक ठप्प. इंटरफेस अप आहे, एपीशी, म्हणजे राउटरशी, कनेक्शन आहे, डीमेसेजमध्ये (कर्नलच्या लॉगमध्ये) एक ओळ नाही. मॉड्यूल काढून परत टाकला की सगळं सुरळीत, पुन्हा अर्धा तास. हा प्रकार मी इतक्या वेळा बघितलाय की आता कोणी विचारलं तर आधी रेडिओ, फर्मवेअर वगैरे काही बघत नाही, थेट क्यूचा हिशेब बघतो, आणि बहुतेक वेळा घोळ तिथेच सापडतो.

इथे जे लिहितोय ते लिनक्सच्या मॅक८०२११ वर, म्हणजे कर्नलमधल्या सगळ्यांच्या सामायिक वायफाय थरावर, बसणाऱ्या ड्रायव्हरबद्दल आहे, पीसीआयई आणि यूएसबी दोन्ही. मॅक८०२११ च्या बहुतेक फंक्शनच्या नावामागे आयट्रिपलई८०२११ लागतं, ते प्रत्येक वेळी लिहीत नाही, बोलताना जसं म्हणतो तसंच लिहितो: टीएक्स डीक्यू, स्टॉप क्यू, वेक क्यू, टीएक्स स्टेटस, फ्री टीएक्सएसकेबी. टीएक्स म्हणजे पाठवणं, आरएक्स म्हणजे घेणं.

दोनच गोष्टी डोक्यात पक्क्या ठेवा. तुमच्या हातात आलेली प्रत्येक फ्रेम (हवेतून जाणारं एक पॅकेट) बरोब्बर एकदा परत गेली पाहिजे. आणि तुम्ही दिलेला प्रत्येक स्टॅम्प फ्रेमच्या नक्की कुठल्या क्षणाचा आहे हे तुम्हाला माहीत पाहिजे, नसेल माहीत तर देऊच नका.

तयारी

कोड उघडायच्या आधी एक दिवस यात घालवा, पुढचे दहा वाचतात.

कर्नल कुठला ते बघा. ६.२ पासून मॅक८०२११ मधला जुना पुश मार्ग, म्हणजे त्याने स्वतः फ्रेम ड्रायव्हरकडे ढकलायचा, गेला, आता प्रत्येक ड्रायव्हरला वेक टीएक्स क्यू हा कॉलबॅक द्यावाच लागतो. स्वतःचं शेड्यूलिंग लिहायचं नसेल तर मॅक८०२११ चं तयार फंक्शन, हँडल वेक टीएक्स क्यू, तिथे लावून टाका, मग फ्रेम पूर्वीसारख्याच तुमच्या टीएक्स कॉलबॅकमध्ये येत राहतील. टीएक्स डीक्यूने स्वतः फ्रेम मागून घ्यायच्या की टीएक्स कॉलबॅकमध्ये येऊ द्यायच्या, कुठला मार्ग घेणार ते आत्ताच ठरवा, कारण अर्धं हे आणि अर्धं ते केलेले ड्रायव्हर सगळ्यात जास्त अडकतात.

कर्नल बांधताना मॅक८०२११ डीबगएफएस, प्रूव्ह लॉकिंग, डीबग अॅटॉमिक स्लीप, डीएमए एपीआय डीबग आणि कॅसॅन हे चुका पकडणारे पाच पर्याय चालू करा. मशीन हळू होईल, होऊ दे.

डेटाशीट किंवा फर्मवेअरचं हेडर घेऊन चार गोष्टी कागदावर लिहा: डिस्क्रिप्टरचा (चिपला फ्रेम कुठे आहे ते सांगणारी नोंद) ओनर बिट (ती नोंद आत्ता चिपची की ड्रायव्हरची) कुठला, आरएक्स स्टॅम्प किती बिटचा, तो फ्रेमच्या सुरुवातीचा की शेवटचा, आणि कुठल्या घड्याळाचा. चौथ्याचं उत्तर "बहुतेक टीएसएफ" (वायफायचं स्वतःचं मायक्रोसेकंदांचं घड्याळ) असं आलं तर ते उत्तर नाही.

दुसरं एक वायफाय कार्ड मॉनिटर मोडला (हवेतलं सगळं नुसतं ऐकणारा मोड) लावून ठेवा, त्याच चॅनलवर. सरावासाठी मॅक८०२११ एचडब्ल्यूसिम चांगलं आहे, हार्डवेअर नसताना दोन खोटे रेडिओ मिळतात, पण त्यात डीएमए रिंग (डिस्क्रिप्टरची गोल रांग, जिथून चिप थेट मेमरीतल्या फ्रेम उचलते) नाही, त्यामुळे तिथे पास झालं म्हणजे इथे पास असं धरू नका.

१. फ्रेम बाहेर पडायचे रस्ते मोजा

ड्रायव्हरमध्ये आलेल्या एसकेबीला (कर्नलमध्ये फ्रेम ज्यात असते तो बफर) दोनच दारं आहेत. हवेत गेली किंवा जायचा प्रयत्न झाला तर टीएक्स स्टेटस. तुमच्याकडूनच टाकून द्यावी लागली, मॅपिंग फेल झालं, रिंग रीसेट केली, तर फ्री टीएक्सएसकेबी. नेहमीच्या नेटवर्क ड्रायव्हरमधलं डेव्ह केफ्री एसकेबी इथे वापरायचं नाही.

लोक विचारतात मेमरी तर तेही मोकळी करतं, मग फरक काय. फरक असा की काही फ्रेमची पोच यूजरस्पेसला हवी असते, होस्टएपीडी किंवा डब्ल्यूपीए सप्लिकंट (कनेक्शन जुळवणारे प्रोग्रॅम) ईएपीओएल (लॉगिनची) किंवा मॅनेजमेंट फ्रेम पाठवून तिचं काय झालं याची वाट बघत बसतो, आणि मॅक८०२११ त्यासाठी फ्रेमची एक प्रत स्वतःकडे नोंदवून ठेवतं. तुम्ही मूळ फ्रेम परस्पर मोकळी केलीत की ती नोंद तशीच राहते. एअरटाइमचा, म्हणजे फ्रेम हवेत किती वेळ घेते त्याचा, हिशेबही तिथेच अडकतो.

ड्रायव्हरमध्ये एसकेबी मोकळं करणारी प्रत्येक ओळ शोधून काढा, एरर पाथ सुद्धा, खरंतर एरर पाथच आधी, आणि प्रत्येकीसमोर या दोनपैकी कुठलं दार ते लिहा.

तपासा: थोडा वेळ ट्रॅफिक चालवून मॉड्यूल काढा. डीमेसेजमध्ये "हॅव पेंडिंग अॅक फ्रेम्स" ही वॉर्निंग आली तर कुठेतरी तिसरं दार उघडं आहे. पुढे जाऊ नका.

२. सीबी मधली जागा जपून वापरा

एसकेबीच्या आत सीबी नावाची ४८ बाइटची जागा असते, मॅक८०२११ तिथे टीएक्स इन्फो ठेवतं. त्यातला वरचा थोडा भाग, फ्लॅग, बँड, हार्डवेअर क्यू, एअरटाइमचा अंदाज, हा कायम. त्याखालचे ४० बाइट मात्र एकच जागा तीन नावांनी आहे: जाताना कंट्रोल, मधे तुमचा ड्रायव्हर डेटा, येताना स्टेटस. म्हणून क्रम महत्त्वाचा.

जाताना आधी कंट्रोलमधून की (एन्क्रिप्शनची), व्हीआयएफ (व्हर्च्युअल इंटरफेस), रेट जे लागतं ते लोकल व्हेरिएबलमध्ये घ्या, मगच ड्रायव्हर डेटामध्ये काही लिहा. येताना आधी तुमचा ड्रायव्हर डेटा काढून घ्या, मग टीएक्स इन्फो क्लिअर स्टेटस, मग स्टेटस भरा. उलट केलंत तर डीएमएचा पत्ता म्हणून भलताच आकडा अनमॅप करायला जाल. रेट टिकवायचे असतील तर ड्रायव्हर डेटा न वापरता रेट ड्रायव्हर डेटा वापरा, तो रेटच्या टेबलानंतर सुरू होतो. माझं मत विचाराल तर डीएमए पत्ता सीबीमध्ये ठेवूच नका, रिंगइतक्याच लांबीचा एक साधा अॅरे करा आणि तिथे ठेवा, कोड वाचणाऱ्याला पण बरं पडतं.

सावधान: पूर्ण टीएक्स इन्फोवर मेमसेट मारू नका. एअरटाइमचा अंदाज वरच्या भागात असतो, तो पुसला गेला की एक्यूएल (रांगेतल्या एअरटाइमवरची मर्यादा) चालू असलेल्या ड्रायव्हरमध्ये त्या स्टेशनची (जोडलेल्या उपकरणाची) थकबाकी कधीच उतरत नाही, हळूहळू चढत जाते आणि एक दिवस त्या स्टेशनला पॅकेट मिळणं बंद होतं, बाकीच्यांचं मात्र व्यवस्थित चालू. असा बग शोधायला फार जीव जातो.

३. आधी जागा बघा, मग फ्रेम मागा

डीक्यूचा मार्ग घेतला असेल तर हे तुमचं काम, आणि इथेच अर्ध्या तासाने ठप्प होणारा बग असतो.

एका एसीसाठी (व्हॉइस, व्हिडिओ, बेस्ट एफर्ट, बॅकग्राउंड या चार प्राधान्य वर्गांपैकी एक) क्रम असा: टीएक्सक्यू (मॅक८०२११ ची पाठवायची रांग) शेड्यूल स्टार्ट, मग नेक्स्ट टीएक्सक्यू नल येईपर्यंत लूप, आत रिंगमध्ये जागा आहे का ते बघून टीएक्स डीक्यू, फ्रेम मिळाली की रिंगमध्ये, जागा संपली किंवा फ्रेम संपल्या की रिटर्न टीएक्सक्यू, शेवटी शेड्यूल एंड. हे सगळं आरसीयू रीड लॉकखाली आणि बॉटम हाफ बंद असताना. वर्कक्यूमधून तसंच बोलावलंत तर टीएक्स डीक्यू वॉर्निंग देईल, ती वॉर्निंग बरोबर असते, दाबू नका.

यात तीन चुका ठरलेल्या. पहिली, फ्रेम मागून घेतल्यावर जागा बघणं. फ्रेम परत ठेवता येत नाही, मग ती टाकून द्यावी लागते आणि टीसीपी वेग कमी करतं. दुसरी, रिंग भरली म्हणून लूपमधून सरळ बाहेर पडणं आणि रिटर्न टीएक्सक्यू विसरणं, त्यामुळे त्या स्टेशनची रांग शेड्यूलच्या यादीतून गळते.

तिसरी सगळ्यात वाईट. वेक टीएक्स क्यू हा कॉलबॅक येतो नवीन पॅकेट रांगेत पडलं की. समजा रिंग भरलेली होती म्हणून तुम्ही काही न उचलता परत आलात. आता रिंग रिकामी झाली, रांगेत ४० पॅकेट पडलेत, पण टीसीपी पलीकडच्या पोचपावतीची वाट बघतंय म्हणून नवीन पॅकेट टाकत नाही, नवीन पॅकेट नाही म्हणून कॉलबॅक नाही, आणि पोचपावती येणार कुठून, पॅकेट तर तुमच्याच दारात अडकलंय. दोघंही एकमेकांची वाट बघत बसलेत. म्हणून टीएक्स कम्प्लीशनमध्ये डिस्क्रिप्टर मोकळे केल्यावर हाच शेड्यूलिंग लूप पुन्हा चालवायचा, दर वेळी, न चुकता.

फ्रेम रिंगमध्ये भरतानाचा क्रम: हेडरूम, म्हणजे फ्रेमच्या पुढची मोकळी जागा, पुरेशी आहे ना (एक्स्ट्रा टीएक्स हेडरूम रजिस्टर करायच्या आधीच सांगायची), डीएमए मॅप, मॅपिंग एरर तपासणी, डिस्क्रिप्टरची बाकी सगळी फील्ड, मग डीएमए डब्ल्यूएमबी बॅरियर (मेमरीतल्या लिखाणाचा क्रम पक्का ठेवणारी सूचना), मग ओनर बिट, सगळ्यात शेवटी डोरबेल (चिपला नवीन काम आहे हे सांगणारं रजिस्टर). बॅरियर नसेल तर एक्स८६ वर चालून जातं आणि एआरएमच्या बोर्डवर तासाला एखादी फ्रेम सडकी जाते. डेस्कटॉपवर चालतंय म्हणून कोणी बॅरियर काढला तर त्याला काढू देऊ नका.

रिंगची लांबी

५१२ डिस्क्रिप्टर आहेत म्हणून ५१२ भरायचे असं नाही. १५०० बाइटची फ्रेम म्हणजे १२,००० बिट, ५१२ फ्रेम म्हणजे ६१,४४,००० बिट. ३०० एमबीपीएसला हे साधारण २० मिलिसेकंदांत निघतं. तोच लॅपटॉप आतल्या खोलीत गेला, रेट ६ एमबीपीएसवर आला, की याच रिंगला १ सेकंदाहून जास्त लागतो, आणि व्हिडिओ कॉलवरचा माणूस "आवाज येतोय का" विचारायला लागतो. मॅक८०२११ कडे कोडेल आहे, ते २० मिलिसेकंदांचं टार्गेट धरून जास्त वेळ पडून राहिलेली पॅकेट टाकतं, पण फक्त त्याच्या स्वतःच्या रांगेतली. तुमच्या रिंगमध्ये गेलेल्या फ्रेमला ते हात लावू शकत नाही.

म्हणून मोजायचं ते पॅकेटमध्ये नाही, हवेतल्या वेळेत. एक्यूएल हेच करतं: एका स्टेशनला एका एसीवर साधारणपणे १२ मिलिसेकंद, एकूण थकबाकी २४ मिलिसेकंदांच्या वर गेली की ५ मिलिसेकंद. हे मूळ आकडे डीबगएफएसमधून (कर्नलच्या आतलं दाखवणाऱ्या फाइलींमधून) बदलता येतात, पण ड्रायव्हर बरोबर चालल्याशिवाय बदलू नका, नाहीतर आकड्यांनी बग झाकला जातो.

४. थांबवणं आणि उठवणं

टीएक्स कॉलबॅकचा मार्ग घेतला असेल तर हा टप्पा तुमचा. टीएक्स कॉलबॅक काही परत देत नाही, "आत्ता जागा नाही" असं म्हणायची सोय तिथे नाहीये. म्हणजे जागा संपायच्या आधीच स्टॉप क्यू. आणि स्टॉप क्यू म्हटल्यावर लगेच सगळं थांबतं असंही नाही, दुसऱ्या कोरवर एखादी फ्रेम आधीच तुमच्या फंक्शनमध्ये शिरलेली असू शकते, म्हणून थोडी जागा राखून ठेवायची.

२५६ ची रिंग असेल तर मी ८ जागा उरल्या की थांबवतो आणि ६४ मोकळ्या झाल्या की उठवतो. दोन्हीला एकच आकडा ठेवलात तर दर फ्रेमला थांब-ऊठ, थांब-ऊठ होतं आणि सीपीयू त्यातच जातो.

आता नेहमीची रेस. कोर १ वर टीएक्स चालू आहे, त्याने मोजलं, ७ जागा, थांबवायचं ठरवलं. तेवढ्यात कोर २ वर कम्प्लीशन आलं, त्याने सगळ्या जागा मोकळ्या केल्या, बघितलं क्यू थांबलेली आहे का, नाही, म्हणून काही न करता निघून गेला. मग कोर १ ने स्टॉप क्यू म्हटलं. रिंग पूर्ण रिकामी, क्यू थांबलेली, आणि उठवणारं आता कोणीच नाही, कारण पुढचं कम्प्लीशन येणारच नाही. उपाय दोन: दोन्ही बाजूंचं मोजणं आणि थांबवणं-उठवणं एकाच रिंग लॉकखाली, किंवा थांबवल्यावर एसएमपी एमबी बॅरियर टाकून जागा परत मोजायची आणि झाली असेल तर स्वतःच उठवायचं. नवशिक्यांनी लॉकचाच रस्ता घ्यावा, यूएसबीवर तर लॉकचा खर्च जाणवतही नाही.

सावधान, एसीचे नंबर: मॅक८०२११ मध्ये ० म्हणजे व्हॉइस, १ व्हिडिओ, २ बेस्ट एफर्ट, ३ बॅकग्राउंड. स्टँडर्डमधला एसीआय वेगळा आहे, तिथे ० बेस्ट एफर्ट, १ बॅकग्राउंड, २ व्हिडिओ, ३ व्हॉइस, आणि बऱ्याच चिपची रजिस्टरं हा दुसरा क्रम धरतात. नंबर तसाच पुढे ढकललात तर साधं ब्राउझिंग व्हिडिओच्या रांगेत जातं आणि कॉलचा आवाज बेस्ट एफर्टमध्ये. काही बंद पडत नाही म्हणून वर्षानुवर्षं कोणाच्या लक्षात येत नाही. चार ओळींचं टेबल लिहा आणि सगळीकडे तेच वापरा. आणि एक रिंग भरली म्हणून चारही क्यू थांबवू नका.

तपासा: डीबगएफएसमध्ये त्या फायच्या (वायफाय उपकरणाच्या) फोल्डरमध्ये क्यूज नावाची फाइल असते. दर क्यूला एक ओळ, डावीकडे थांबवण्याच्या कारणांचे बिट, तिरप्या रेघेनंतर पडून असलेल्या फ्रेमची संख्या. सगळ्यात खालचा बिट म्हणजे ड्रायव्हरने थांबवलंय. ट्रॅफिक ठप्प असताना तिथे शेवटी १ दिसत असेल आणि तुमची रिंग रिकामी असेल तर वरची रेसच आहे, दुसरीकडे शोधू नका. बिट सगळे शून्य असूनही ठप्प असेल तर तिसऱ्या टप्प्याकडे परत जा. क्यू केव्हा थांबली आणि केव्हा उठली हे ट्रेस-सीएमडीने मॅक८०२११ चे स्टॉप क्यू आणि वेक क्यू इव्हेंट पकडून ओळीने बघता येतं.

५. काम झाल्याची नोंद

ओनर बिट वाचला, हार्डवेअरने सोडलाय असं दिसलं, की डीएमए आरएमबी बॅरियर, मगच डिस्क्रिप्टरमधलं बाकीचं वाचायचं. मग अनमॅप, मग दुसऱ्या टप्प्यातल्या क्रमाने स्टेटस भरायचं, मग टीएक्स स्टेटस. याचा इंटरप्टमधून बोलवायचा एक प्रकार आहे, आयआरक्यूसेफ. एका हार्डवेअरसाठी आयआरक्यूसेफ आणि साधा यांची सरमिसळ करायची नाही, एक निवडा. आरएक्सच्या बाजूलाही तोच नियम.

यूएसबीवाल्यांनी नीट वाचा. यूआरबी (यूएसबीवरची एक पाठवणी) पूर्ण झाला याचा अर्थ फ्रेम चिपपर्यंत पोचली, एवढाच. ती हवेत गेली का, पलीकडून अॅक (पोचपावती) आला का, हे चिप नंतर वेगळ्या रिपोर्टमध्ये सांगते. यूआरबीच्या कम्प्लीशनमध्येच अॅकचा फ्लॅग लावून देणारे ड्रायव्हर मी बघितलेत, तिथे रेट कंट्रोलला वाटतं सगळं पोचतंय, तो रेट वर वर नेत राहतो, आणि यूजर म्हणतो सिग्नल फुल आहे पण नेट चालत नाही. चिप रिपोर्ट देत असेल तर फ्रेम एका यादीत ठेवा, रिपोर्ट आला की जुळवून स्टेटस द्या. रिपोर्ट हरवतात, हे धरूनच चाला, काही शे मिलिसेकंदांनी जुनी नोंद अॅक नाही म्हणून काढून टाका. ती वेळ तुलना करताना टाइम आफ्टर मॅक्रो वापरा, थेट मोठं-लहान चिन्ह नको, ३२ बिट मशीनवर जिफीज (कर्नलचा टिकटिक मोजणारा काउंटर) बूटनंतर ५ मिनिटांनीच शून्यावर येतो, कर्नलने मुद्दाम तसं ठेवलंय अशा चुका पकडायला.

ज्या फ्रेमला अॅक मागितलाच नव्हता तिला अॅकचा फ्लॅग लावायचा नाही, तिच्यासाठी नोअॅक ट्रान्समिटेड असा वेगळा आहे. आणि रिपोर्ट्स टीएक्स अॅक स्टेटस हा हार्डवेअर फ्लॅग खरंच अॅक कळत असेल तरच लावा. तो लावला की मॅक८०२११ एपी जिवंत आहे का हे नलफंक (रिकाम्या) फ्रेमच्या अॅकवरून ठरवतं, तुम्ही अॅक नीट कळवला नाहीत तर चांगल्या एपीपासूनही कनेक्शन तुटत राहील.

६. आरएक्स स्टॅम्प: कुठला क्षण

आता दुसरी बाजू. आरएक्स स्टेटसमध्ये मॅकटाइम नावाचं ६४ बिटचं फील्ड आहे, मायक्रोसेकंदात, टीएसएफ घड्याळाचं. त्याच्यासोबत एक फ्लॅग लावायचा: मॅकटाइम स्टार्ट म्हणजे एमपीडीयूची (हेडरसकट खऱ्या फ्रेमची) सुरुवात, मॅकटाइम एंड म्हणजे एफसीएससकट (शेवटच्या चेकसमसकट) शेवट, पीएलसीपी स्टार्ट म्हणजे प्रीअॅम्बलची (फ्रेमच्या आधीच्या ओळखखुणेची) सुरुवात. बरोबर फ्लॅग लावलात तर रूपांतर मॅक८०२११ करतं, तुम्ही गणित करायची गरज नाही.

चुकीच्या फ्लॅगने किती फरक पडतो? १ एमबीपीएसवरचा २५० बाइटचा बीकन (एपी ठराविक वेळाने पाठवतो ती हजेरीची फ्रेम) हवेत २००० मायक्रोसेकंद असतो. शेवटचा स्टॅम्प सुरुवातीचा म्हणून सांगितलात तर २ मिलिसेकंदांची चूक. साध्या स्टेशन मोडमध्ये कोणाला कळणार नाही, पण आयबीएसएसमध्ये (एपीशिवायचं अॅड-हॉक नेटवर्क) मॅक८०२११ समोरच्याच्या बीकनमधला टाइमस्टॅम्प तुमच्या आरएक्स वेळेशी ताडून बघतं, आणि समोरचा पुढे आहे असं वाटलं की त्याच्या नेटवर्कमध्ये पुन्हा सामील होतं. मेशच्या सिंकलाही हाच आकडा लागतो.

फ्लॅगच लावला नाहीत तर काय होतं? आयबीएसएसचा कोड स्वतः आत्ताचा टीएसएफ वाचतो आणि काम भागवतो. म्हणजे स्टॅम्प नसणं चालतं, चुकीचा असणं नाही.

डेटाशीट गप्प असेल तर क्षण असा शोधा. मॉनिटर मोडमध्ये कच्चा स्टॅम्प प्रिंट करा, मॅक८०२११ ने रूपांतर केलेला नाही, डिस्क्रिप्टरमधून आलेला. एक डेटा फ्रेम आणि तिच्या पाठोपाठचा अॅक, दोघांच्या स्टॅम्पमधला फरक लिहा, मग लांब फ्रेम आणि छोटी फ्रेम असं करून बघा, रेट तोच ठेवून. फ्रेमच्या लांबीप्रमाणे फरक वाढत असेल तर स्टॅम्प सुरुवातीचा. लांबी कितीही असो फरक तेवढाच राहत असेल तर शेवटचा. ५ गिगाहर्ट्झवर २४ एमबीपीएसचा अॅक २८ मायक्रोसेकंदांचा आणि एसआयएफएस (फ्रेम आणि अॅकमधला ठरलेला विराम) १६ चा, म्हणजे शेवटचा स्टॅम्प असेल तर प्रत्येक वेळी ४४ च्या आसपास यायला हवं. अर्ध्या तासाचं काम आहे आणि कायमचा प्रश्न मिटतो.

७. कमी बिटचा स्टॅम्प ६४ बिटचा करणं

हार्डवेअर क्वचितच ६४ बिट देतं. ३२ बिटचा असेल तर तो ७१ मिनिटं ३५ सेकंदांनी शून्यावर येतो. जुन्या एथेरॉस चिपसारखा १५ बिटचा असेल तर ३२,७६८ मायक्रोसेकंदांनी, म्हणजे ३३ मिलिसेकंदही नाहीत.

आमच्या एका बोर्डवर टेस्ट तासाभराची होती आणि रोज पास व्हायची. एकदा कोणीतरी ती बंद करायची विसरून जेवायला गेलं, परत आलो तर मेशमधले दोन नोड एकमेकांना सोडून गेलेले. लॉग काढला तेव्हा ७२ व्या मिनिटाला सुरुवात झालेली. तेव्हापासून माझी कुठलीही टेस्ट अडीच तासांची असते, म्हणजे दोनदा पलटी येते.

पद्धत: आत्ताचा ६४ बिट टीएसएफ वाचा. स्टॅम्पमधून त्याचे खालचे ३२ बिट वजा करा, उत्तर सहीवालं, म्हणजे साइन्ड ३२ बिट धरा, आणि ते ६४ बिट टीएसएफमध्ये मिळवा. फ्रेम थोडी आधीची असते म्हणून उत्तर सहसा ऋण येतं, पलटीच्या दोन्ही बाजूंना हेच गणित बरोबर चालतं, इफ-एल्सची जत्रा लागत नाही. लोक वरचे ३२ बिट आणि स्टॅम्प नुसते चिकटवतात, मग पलटीच्या आधी आलेली आणि नंतर वाचलेली फ्रेम ७१ मिनिटं भविष्यात जाते.

टीएसएफ दोन रजिस्टरमध्ये असेल तर वरचं, खालचं, परत वरचं असं वाचा, वरची दोन सारखी आली नाहीत तर पुन्हा. एकेकदा वाचून जोडलंत तर तीच ७१ मिनिटांची चूक दुसऱ्या दारातून येते.

३२ बिट असेल तर एका नॅपी पोलमध्ये (आलेल्या फ्रेम गठ्ठ्याने उचलायची फेरी) टीएसएफ एकदाच वाचला तरी पुरतो. १५ बिटला तसं चालणार नाही. फ्रेम रिंगमध्ये ३२ मिलिसेकंदांहून जास्त पडून राहिली तर कुठली पलटी ते कळायला मार्गच नाही, म्हणून तिथे टीएसएफ फ्रेमगणिक वाचायचा आणि पोलला उशीर झाला असेल तर फ्लॅग लावायचा नाही. यूएसबीवर रजिस्टर वाचणं म्हणजे बसवर फेरी, आणि ती आरएक्स कम्प्लीशनमध्ये करताही येत नाही, तिथे फर्मवेअरकडून पूर्ण स्टॅम्प मिळाला तरच द्या.

सावधान: एपी सुरू होताना किंवा आयबीएसएसमध्ये सामील होताना टीएसएफ उडी मारतो. जुन्या घड्याळाचा स्टॅम्प आणि नव्या घड्याळाचा टीएसएफ यांची बेरीज निरर्थक. रिंगमध्ये आधीपासून असलेल्या फ्रेमना त्या वेळी फ्लॅग लावू नका.

८. बूटटाइम वेगळा, मॅकटाइम वेगळा

बूटटाइम एनएस हे फील्ड फक्त बीकन आणि प्रोब रिस्पॉन्ससाठी भरायचं, केटाइम गेट बूटटाइम एनएस ने. नॅनोसेकंद आहे, सिस्टिमचं घड्याळ आहे, आणि मशीन झोपलेलं असतानाही पुढे सरकतं, म्हणूनच स्कॅनचा निकाल किती जुना ते त्यावरून कळतं. यात टीएसएफ टाकू नका, मोनोटॉनिक घड्याळही नको, ते सस्पेंडमध्ये थांबतं आणि मग रात्रभर झोपलेल्या लॅपटॉपला कालचा एपी आत्ता दिसल्यासारखा वाटतो.

डिव्हाइस टाइमस्टॅम्प हे तिसरं फील्ड खास तुमचं, मॅक८०२११ ते स्वतः वापरत नाही, फक्त जपून तुम्हाला परत देतं. चिपचं स्वतःचं घड्याळ असेल तर ते इथे.

तपासा: स्कॅन केल्यावर आयडब्ल्यू "लास्ट सीन" पुढे बूटटाइम दाखवतं, तो आकडा अपटाइमशी ताडून बघा. मॅकटाइमसाठी मॉनिटर मोडमध्ये एकाच एपीचे शंभरेक बीकन पकडा, बीकनमधला टाइमस्टॅम्प वजा मॅकटाइम काढा. साधारण १०० टीयूचा (१०२४ मायक्रोसेकंदांचं एकक) बीकन म्हणजे १,०२,४०० मायक्रोसेकंद, दोन्ही बाजूंचे क्रिस्टल २०-२० पीपीएमने चुकले तरी एका बीकनमागे तो फरक ४ मायक्रोसेकंदांच्या आसपासच सरकायला हवा, तोही एकाच दिशेने. मधेच मोठी उडी दिसली तर सातवा टप्पा, नुसतीच थरथर दिसली आणि ती फ्रेमच्या लांबीबरोबर बदलत असेल तर सहावा.

९. बंद करणं आणि रीसेट

बंद करताना क्रम: स्टॉप क्यूज, हार्डवेअरचे इंटरप्ट बंद, सिंक्रोनाइझ आयआरक्यू, नॅपी डिसेबल, डीएमए थांबवणं आणि तो खरंच थांबलाय याची खात्री, मग रिंगमधल्या उरलेल्या फ्रेम अनमॅप करून फ्री टीएक्सएसकेबी, मग रिपोर्टची वाट बघणारी यादी. यूएसबीवर डीएमएच्या जागी किल अँकर्ड यूआरबीज. डीएमए चालू असताना रिंग मोकळी केलीत तर हार्डवेअर दुसऱ्याच कोणाच्या मेमरीत लिहितं आणि क्रॅश भलत्याच ठिकाणी दिसतो.

रीसेटमध्ये एक गोष्ट हमखास राहते. क्यू तुम्ही थांबवलेली असताना फर्मवेअर पडलं, रीस्टार्ट एचडब्ल्यू बोलावलं, सगळं वर आलं, पण तुमच्या कारणाचा बिट तसाच. मॅक८०२११ त्याने लावलेले बिट काढतं, ड्रायव्हरचा बिट ड्रायव्हरनेच काढायचा. रिंगचे इंडेक्स शून्य केल्यावर लगेच वेक क्यूज, ही ओळ रीसेटच्या कोडमध्ये आहे ना ते बघा.

शेवटची टेस्ट मी अशी घेतो: दोन्ही दिशांना आयपर्फ, बाजूला पिंग चालू, अडीच तास. पिंग ट्रॅफिकखाली किती वाढतो ते लिहून ठेवायचं. मग आयपर्फ चालू असतानाच फर्मवेअर मुद्दाम पाडायचं, ते स्वतः सावरलं पाहिजे. मग आयपर्फ चालू असतानाच मॉड्यूल काढायचा, परत टाकायचा, असं वीस वेळा, आणि दर वेळी डीमेसेज, क्यूज फाइल आणि डीएमए डीबगचा लॉग तिन्ही बघायचे. वीसपैकी एकदा जरी काही दिसलं तरी पहिल्या टप्प्यापासून परत सुरुवात.